लोकसहभाग, तळमजल्यापुरता

धारावीच्या पुनर्विकासात लोकसहभागाला तोटा नाही. घर मोजू द्यायचे, दारावर क्रमांक रंगवू द्यायचा, जुनी कागदपत्रे शोधून दाखवायची; सगळा सहभाग रहिवाशांचाच. संमतीची अट तेवढी या प्रकल्पाला लागू नाही. लोकांना विचार करायचा त्रास कशाला? 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या तळमजल्यावरच्या पात्र कुटुंबाला धारावीतच 350 चौरस फुटांचे घर. माळ्यावर राहणाऱ्याने मात्र धारावीबाहेर जायचे. मुंबईत मजला चढला की भाव चढतो. इथे हक्क उतरतो. अशांच्या घरांसाठी सरकारने देवनारच्या कचराभूमीचीही जागा दिली आहे. तेव्हा हरकती आणि सूचना जरूर पाठवा. पोचपावती तरी हक्काची मिळेल.