निषेधाचा मसुदा तयार आहे

सिम्पसन कुटुंब तिकोणा पेठेत आलं, तर गावाच्या वतीने निषेध कसा नोंदवायचा याचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. आता फक्त त्यांनी यायचं बाकी आहे.

अशी तयारी आधीपासून लागते. 2002 साली हे पिवळं कार्टून-कुटुंब मालिकेच्या एका भागात रिओला गेलं आणि ब्राझीलवाले बेसावध सापडले. टॅक्सीवाल्याने बापाला, होमरला, पळवून नेलं, रस्त्यांवर माकडं, झोपडपट्टीत रंगीबेरंगी उंदीर, आणि शेवटी पोरगा बार्ट थेट अ‍ॅनाकोंडाच्या पोटात! तिथल्या पर्यटन मंडळाने शहराच्या जाहिरातीवर 1 कोटी 80 लाख डॉलर घातले होते. मंडळ खवळलं, कोर्टात खेचण्याची भाषा झाली, राष्ट्राध्यक्ष कार्दोसोही नाराज झाले. मालिकेच्या निर्मात्याने माफी मागितली, पण कशी? तेवढ्याने भागत नसेल तर होमर तुमच्या राष्ट्राध्यक्षांशी बॉक्सिंग खेळायला तयार आहे म्हणे.

आमच्या सरपंचांवर ही वेळ येऊ नये.

होमर आमचा तिकोणा गड कसा चढेल, यावर मी बराच विचार केला आहे. वेताळ दरवाजापर्यंत तो कुरकुरत का होईना, येईल. पुढे चपेटदान मारुती. एका पायाखाली पनवती राक्षसीण दाबलेली, हात चापट मारायला उगारलेला. होमरला वाटणार, हा आपल्याला टाळी द्यायला उभा आहे. तो मोठ्या प्रेमाने स्वतःचा हात वर करणार. इथे मसुद्यातलं कलम दोन लागू होतं. त्यानंतर त्या पायऱ्या. त्या ज्याने खोदल्या त्याला माणसाच्या गुडघ्याबद्दल काही वैयक्तिक राग असावा. पोट पुढे, आधाराची तार हातात, अशा अवस्थेत होमर मधोमध अडकणार. वर जाणारे पुणेकर आणि खाली येणारे मुंबईकर त्याला एकाच वेळी सल्ले देणार. त्या गर्दीतही त्याची मुलगी लिसा इतिहास सांगत राहणार, की शिवाजी महाराजांनी हा गड 1657 मध्ये घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि पुढे परत मिळवला. ऐकायला कोणी नाही. लिसाचं हे दुःख मला चांगलं ठाऊक आहे. शनिवार-रविवारी मीही तिथे उभा राहून हेच सांगतो, आणि लोक विचारतात, "दादा, फोटो काढता का?"

खरं सांगू? ते आले तर अपमान होईल, पण न येण्याने जो रोज होतोय त्याचं काय? जुलै 2025 मध्ये समोरचा लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. आमच्या माथ्यावर उभं राहिलं की तो दिसतो. हल्ली जरा जास्तच दिसतो. त्याच वर्षी शिनचॅन या जपानी कार्टूनचा सिनेमा आला, त्यात पोरगं मित्रांना घेऊन नाचायला थेट भारतात येतं. मी पुतण्याशेजारी बसून पूर्ण बघितला. हत्ती काय, रस्सा काय, नाच काय! पण आमच्या मावळाचं नाव नाही.

परवा एका पाहुण्याने पवना धरणाच्या काठावरून व्हिडिओ टाकला. म्हणे, इथे कोणी राहत नाही, नुसता निसर्ग. मागे खाचरात आमची चुलती वाकून भात लावत होती, स्पष्ट दिसत होती. ज्या पाण्याकाठी हे तंबू ठोकतात, त्या पाण्याखाली इथल्या माणसांच्या जमिनी गेल्या. पुनर्वसनाची कागदं घेऊन आता त्यांची नातवंडं कचेरीच्या पायऱ्या चढतात. 2011 च्या ऑगस्टमध्ये याच पाण्याच्या पाइपलाइनविरुद्ध बऊरजवळ रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तीन जीव गेले. रिओच्या लोकांना निदान माकडं दाखवल्याची तक्रार करता आली. आम्हाला वगळल्याची तक्रार कोणत्या टेबलावर करायची?

हे सगळं मी मसुद्यात घातलं आणि वहिनीला वाचून दाखवलं. ती ट्रेकवाल्यांना घरचं जेवण देते. परातीतला हात न थांबवता तिने ऐकून घेतलं.

"भावजी, ही माणसं किती?"

"पाच. त्यात एक तान्हं आहे."

"मग चार ताटं. पिठलं-भाकरीच घालते, त्यांच्या रंगाला शोभंल. निषेध जेवण झाल्यावर करा. आणि निम्मे पैसे आधी घ्या, मागच्या वेळचे पंधरा जण सांगून आलेच नाहीत."


कलम सात म्हणून तेही लिहून घेतलं आहे.