उमेदवारांना सर्वसाधारण सूचना

पदवीचा निकाल लागला, कॉलेजात आलेली कंपनी दुसऱ्यांचीच नावे घेऊन गेली आणि ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न घरात रोज ताटासोबत वाढला जाऊ लागला, की ‘एमपीएससी करतोय’ असे जाहीर करून टाकावे. निदान दोन वर्षे कोणी काही विचारत नाही.

त्यानंतर पुण्याला यावे. अभ्यास गावातही होतो, पण गावातल्या अभ्यासाला गावच अभ्यास मानत नाही. सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा पाहावी. पाहताना खिडकीची चौकशी करू नये. चार्जिंग पॉइंट कोणत्या कॉटला जवळ आहे, ते आधी विचारावे. अभ्यासिकेत प्लायवूडचा एक कप्पा मिळतो. त्यावर ‘उपजिल्हाधिकारी’ अशी चिठ्ठी चिकटवावी. शेजारच्या कप्प्यावर ‘पोलीस उपअधीक्षक’ असेल, त्याच्याशी पहिल्या दिवसापासून अदबीने वागावे. मेस रविवारी दुपारी फीस्ट देते आणि रात्री बंद असते, म्हणून दुपारीच दोन्ही वेळचे जेवून घ्यावे. या सगळ्याचे पैसे घरून येतात आणि ते सोयाबीनच्या भावावर ठरतात. तेव्हा हमीभावावरचा प्रश्न तरी चुकवू नये.

पुस्तके अप्पा बळवंत चौकातून आणावीत. राज्यघटनेसाठी लक्ष्मीकांत घ्यावा. नवी आवृत्ती आली की तीही घ्यावी, जुनीतले मूलभूत हक्क पाठ झालेले असले तरी. पहिल्या वाचनात पिवळा हायलायटर, दुसऱ्यात हिरवा, तिसऱ्यात गुलाबी. पान पूर्ण रंगले की बिनमहत्त्वाचे वाक्य चटकन सापडते. वेळापत्रक चौदा तासांचे आखावे. त्यात चहाला जागा ठेवू नये, चहा आपली जागा करून घेतो. टपरीवर पुढच्या जाहिरातीत किती पदे निघणार, हे थेट मंत्रालयातून कळलेला एक जण कायम उभा असतो. तो किती वर्षे उभा आहे, हे मात्र विचारू नये.

क्लास निवडताना फ्लेक्स बारकाईने पाहावेत. राज्यात पहिला आलेला एकच मुलगा एकाच रस्त्यावर चार क्लासांच्या फ्लेक्सवर हसताना दिसेल. तो चारही ठिकाणी शिकला, असा समज करून घेऊ नये. एखाद्या ठिकाणी तो फुकटच्या मॉक इंटरव्ह्यूपुरता येऊन गेलेला असतो. अशा जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने देशातल्या काही शिकवणी संस्थांना दंडही केला आहे. ही माहिती चालू घडामोडींच्या वहीत लिहावी आणि त्याच क्लासची फी भरावी.

पूर्वपरीक्षा 400 गुणांची. तिचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, आता केवळ पात्रतेपुरता आहे आणि त्यात 33 टक्के पुरतात. म्हणून कला शाखेच्या मुलांनी तो सोडून द्यावा आणि इंजिनिअरांनी तो येतोच असे समजावे; निकालात दोघे जवळजवळ सापडतात. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात, त्यामुळे ‘फक्त अ आणि क’ हा पर्याय श्रद्धेने निवडू नये. खरी परीक्षा संध्याकाळी सुरू होते. टेलिग्रामवर कट-ऑफचा अंदाज, मग पहिली उत्तरतालिका, मग हरकती, मग दुसरी उत्तरतालिका. तिच्यात आपला बरोबर आलेला प्रश्न रद्द होतो.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. ती 2023 पासूनच होणार होती, पण गोळे रंगवण्यात हात बसलेली मुले पुण्यात रस्त्यावर उतरली आणि मुदत मिळाली. ऑगस्ट 2024 मध्ये पूर्वपरीक्षा बँकेच्या परीक्षेच्या दिवशीच आली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर पुन्हा बसावे लागले आणि तारीख बदलली. वेळापत्रकात आंदोलनाचा रकाना ठेवावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मामांना फोनवर तपशील देऊ नयेत. राज्यसेवेतून थेट कलेक्टर होत नाहीत, उपजिल्हाधिकारी होतात, हे समजावण्यात एक संध्याकाळ जाते आणि शेवटी ते ‘म्हणजे छोटा कलेक्टर’ म्हणतातच. मुलींसाठी वेगळी सूचना. आयोगाची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. घरची मर्यादा कुठल्याही राजपत्रात छापलेली नसते. ती आत्या एखादे चांगले स्थळ घेऊन आली, त्या दिवशी संपते. आयोगाने तारीख पुढे ढकलली, तर मुलाचे सहा महिने जातात आणि मुलीची परीक्षाच जाते. यावर हरकत नोंदवण्याची लिंक नाही.

मुलाखतीच्या 275 गुणांसाठी छंद हवा. ‘वाचन’ लिहिल्यास अलीकडे काय वाचले, असे विचारतील आणि तेव्हा लक्ष्मीकांत सांगता येत नाही.

अंतिम यादीत नाव आल्यास गावात मिरवणूक निघू द्यावी, गुलाल लावून घ्यावा, सत्काराच्या शाली मात्र जपून ठेवाव्यात, कॉटवर पांघरायला होतात. कारण 2019 च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल जून 2020 मध्ये लागला आणि निवड झालेले चारशेहून अधिक जण पुढे वर्षभरानंतरही नेमणुकीची वाट पाहत होते. म्हणून मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडून पुढच्या महिन्याचे कॉटचे भाडे भरून टाकावे, पावती घ्यावी आणि नव्या जाहिरातीचा फॉर्म भरायला बसावे.