घरकुलाच्या सभेत यात्रेचा ठराव

मढीच्या यात्रेत रेवडीवाल्यांची पालं दाटीनं लागतात. रंगपंचमीला गाढवांचा बाजार भरतो. गोपाळ, कैकाडी, वैदू लांबलांबून येतात, म्हणून पाथर्डी तालुक्यातलं हे गाव भटक्यांची पंढरी. गडावरच्या कानिफनाथांना मुस्लिम भाविक शाह रमजान म्हणतात. इतकी माणसं जिथं पिढ्यान् पिढ्या एकत्र येतात, तिथल्या ग्रामसभेत 22 फेब्रुवारी 2025 रोजी ठराव झाला : यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत.

गावाची तक्रार अशी, की यात्रेआधी गावकरी तळण आणि लग्नकार्य बंद ठेवतात आणि बाहेरून आलेले व्यापारी ही प्रथा पाळत नाहीत. मान्य, तक्रार असू शकते. पण मग त्या व्यापाऱ्यांना समोर बसवून विचारलं का? प्रथा त्यांना सांगितली होती का? मोडली कोणी आणि कधी? मोडणाऱ्याचं पाल उठवा, माझी हरकत नाही. सगळ्या जमातीचं पाल उठवायचा अधिकार कोणत्याच ग्रामसभेला नाही. शिवाय ती सभा होती घरकुलांची. यात्रेचा विषय तिच्यासमोर नव्हताच, म्हणून गटविकास अधिकाऱ्यांनी ठराव रद्द केला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं 2016 साली कायदा केला, हेही कोणाला आठवलं नाही.

सलोख्यासाठी लोकांना विचारायचं म्हणजे काय, हे आपल्याकडं सरकारलाही नीट उमगलेलं नाही. एका पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीला मी गेलो होतो. पहिल्या रांगेत दरवर्षीचेच चेहरे. डीजे किती वाजता बंद, मंडप रस्त्यात किती, मिरवणूक कोणत्या चौकातून, एवढ्यावर तासभर गेला. मागच्या रांगेतला एक तरुण बराच वेळ हात वर करून बसला होता. त्याच्यापर्यंत चहा पोचला, सहीचं रजिस्टर पोचलं, पाळी काही आली नाही. सही करून तो निघून गेला. बाई एकही नव्हती. दंगलीच्या रात्री पोरं घरी येईपर्यंत दाराशी उभी राहते ती बाईच, आणि तिलाच आपण बोलावत नाही. मला या गोष्टीचा राग येतो.

तंटामुक्तीची मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली, तेव्हा गावातला तंटा गावातच बसून मिटवायची सवय लावणं हा तिचा हेतू होता. कित्येक गावांत आज तंटामुक्ती समितीचा फक्त फलक उरलाय. पण मढीच्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यातलं सौंदाळा आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड ठरवला. हा नियम शिवी देणाऱ्या प्रत्येकाला लागू, मग त्याची जात कोणती का असेना. मढीच्या ठरावात अन् या ठरावात हाच फरक आहे.

आणि या नगर जिल्ह्याला सलोखा कोणी शिकवायची गरज नाही. नगर शहरातल्या मोहरमच्या सवाऱ्यांपुढं हिंदू बायाही नवस बोलतात. शिर्डीत रामनवमीला संदलची मिरवणूक निघते. हे कोणत्या समितीनं ठरवलेलं नाही. शेजाऱ्यांनी एकमेकांना विचारत विचारत ते बसवलंय.

म्हणून वाचकांना एकच विनंती. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, आणि प्रत्येकीआधी महिलांची सभा. फलकावर नोटीस लागली की विषय वाचा. आयत्या वेळी भलताच विषय निघाला तर उठून हरकत घ्या आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. ज्याच्याविषयी ठराव आहे तो माणूस सभेत नसेल, तर त्याला बोलावून आणेपर्यंत हात वर करू नका.