पुलाखालचा दादा

कोल्हापुरात आमच्या घरापासून गंगावेशीतला दूधकट्टा चालत चार मिनिटांवर आहे. तिथं मी चालत कधी गेल्याचं आठवत नाही. कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात देतात, आणि तो पेला बुलेटवर टेकून पिण्यात जी शान आहे ती चपला घासत जाण्यात नाही. खरं सांगायचं तर बुलेट चालू व्हायलाच पाच मिनिटं लागायची. चालत गेलो असतो तर तेवढ्यात दूध पिऊन मिशा पुसून झाल्या असत्या. पण असले हिशेब आमच्या गल्लीत कोणी घालत नाही.

गाडी आण्णांची. १९९४ सालची साडेतीनशेची बुलेट. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, त्यामुळं बाहेरच्या माणसानं चालवायला घेतली की तो थांबायच्या ठिकाणी गिअर टाकतो. ती चालू करण्याचा एक विधी आहे. अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवून किक हळूहळू दाबायची. काटा मधोमध आला की डीकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक आणखी जराशी खाली न्यायची. खटका सोडायचा. मग जोतिबाचं नाव घेऊन सगळं वजन लाथेत ओतायचं. यात कुठं चुकलं की किक उलटी फिरते. आमच्या घरातल्या पुरुषांच्या नडगीवर जो वळ आहे तो वंशपरंपरेनं आलेला नाही, पण आल्यासारखाच आहे.

नंबर ४१४१. चाराची शेपटी जरा ओढली आणि एकाची मान सरळ केली की त्याचा ‘दादा’ होतो. पेंटरनं तो होऊ दिला होता.

मला फोर्टात नोकरी लागली आणि राहायला चेंबूरला खोली मिळाली, तेव्हा ‘गाडी इथंच ठेव’ असं सांगणाऱ्यांची रांग लागली. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री म्हणाले, “न्हेऊ नगासा. तिला पळायची सवय हाय, थांबायची न्हाई. मुंबईत उभ्याउभ्या तापंल.” आईनं हँडलला लिंबू-मिरची बांधली. आण्णा एवढंच म्हणाले, “ने. पण गाडी माझी आहे, तुझ्याकडं फक्त किल्ली आहे.” आणि ते कागदोपत्रीही तसंच ठेवलं. आरसी बुकावर नाव त्यांचं, मोबाइल नंबर माझा. हा तपशील पुढं कामाला येणार आहे.

पावणेचारशे किलोमीटर. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोलनाके लागतात आणि चारही ठिकाणी दुचाकीला टोल नाही. मोटारवाले रांगेत पेंगत असतात आणि आपण डाव्या कडेच्या बोळातून, नाक्यावरच्या पोराला मान हलवत, संस्थानिकासारखे पुढं जातो. खेड शिवापूरपर्यंत मला आपण म्हणजे कोण, असं वाटायला लागलं होतं.

ते किवळ्यात उतरलं. तिथं द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि त्याच्या तोंडाशी पाटी आहे की दुचाकी, तीनचाकी, बैलगाडी वगैरेंना प्रवेश बंद. टोल माफ असण्याचा अर्थ मला त्या पाटीपाशी कळला: आपली मोजदादच नाही. बैलगाडीच्या पंगतीला बसल्याचं दुःख नव्हतं, बैलाला निदान किक मारावी लागत नाही. पण दादा लिहिलेली गाडी वळवून जुन्या रस्त्याला लावताना मागचा ट्रकवाला हसला, ते लागलं.

जुना रस्ता तळेगाव, कामशेत, लोणावळा करत घाटात उतरतो. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना बोरघाटातली वाट ज्या धनगरानं दाखवली तो हा शिंग्रोबा, असं सांगतात. गाड्या न थांबवता लोक नाणी टाकतात. मी थांबून रुपया टाकला आणि म्हटलं, देवा, मलाही मुंबईत चांगली वाट दाखव. देवानं ऐकलं नाही असं म्हणवत नाही. सगळ्या चांगल्या वाटा दाखवल्या त्यानं, फक्त खालून.

चेंबूरहून फोर्टाला जायचं तर पूर्व मुक्त मार्ग आहे. २०१३ साली झालेला, जवळजवळ सतरा किलोमीटरचा, बहुतेक हवेत उचललेला. नावात ‘मुक्त’ आहे, दुचाकीला बंदी आहे. आमच्या ऑफिसातल्या एक बाई चेंबूरलाच राहायच्या. त्या नऊ-वीसला मोटारीतून निघत आणि पावणेदहाला, केसांची एक बट इकडची तिकडं न होता, जागेवर बसलेल्या असत. मी पावणेनऊला निघून दहाला पोचत असे, आणि माझ्या तोंडाला काय काय फासलेलं आहे हे रुमालावर उमटल्यावर कळत असे. “आज ट्रॅफिक नव्हतं, नाही?” असं त्या रोज आपुलकीनं विचारत.

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी. जे. जे. उड्डाणपुलावर बंदी. मी आलो तेव्हा एवढंच होतं. मग २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, तिथं बंदी. मार्चमध्ये किनारी रस्ता उघडला, तिथंही बंदी. नव्या पुलाचं उद्घाटन टीव्हीवर लागलं की कोल्हापूरहून मित्राचा फोन येतो, “भावा, तुझ्यासाठी आणखी एक बंद केला बघ.”

बंदीची कारणं सांगतात ती सगळीच खोटी नाहीत. जे. जे. पुलाच्या वळणांवर दुचाकीवाले खरोखर मेलेले आहेत, त्यावर विनोद करायची माझी छाती नाही. समुद्रावरच्या वाऱ्याचं कारण मात्र मला अजून पटलेलं नाही. गाडी पावणेदोनशे किलोची, वर मी ऐंशीचा. आम्हाला दोघांना उचलणारा वारा सुटला तर वरळीत आणखीही पुष्कळ काही उडेल.

तर मी पुलाखालून फिरू लागलो. वडाळा, शिवडी, रे रोड, दाणाबंदर. मुक्त मार्गाच्या खाली आणि आसपास जी मुंबई आहे ती सिनेमात फारशी येत नाही: गोद्यांच्या भिंती, ट्रकांच्या रांगा, फोडलेल्या जहाजांचं लोखंड, साखळदंड, माणसाएवढे नांगर. त्या भागाला दारूखाना म्हणतात. पूर्वी तिथं बंदुकीच्या दारूची कोठारं होती, म्हणून हे नाव. पण हे मला नंतर कळलं. पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला, “ऑफिसला कसा जातोस रे?” मी म्हटलं, “दारूखान्यावरून.” पलीकडं शांतता. मग आण्णांनी फोन घेतला. “सकाळी?” मी म्हटलं, “सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळेला.” मग फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढचे चार दिवस मामा, चुलते आणि एक निवृत्त हेडमास्तर असे तिघं जण माझी आळीपाळीनं चौकशी करत होते. बंदुकीच्या दारूचा खुलासा केला तर मामा म्हणाले, “सगळे असंच सांगतात.”

जे. जे. पुलाखालचा रस्ता म्हणजे महंमद अली रोड. वरचा पूल दोन-अडीच किलोमीटरचा, वरून तीन मिनिटांत संपतो. खाली एकदा मला पन्नास मिनिटं लागली, कारण रमजान होता, आणि मिनारा मशिदीपाशी मालपुवा तळत होते, आणि मी काही दगडाचा नाही. तिथंच पुढं पायधुणी आहे. पूर्वी भरतीच्या पाण्यातून चालत आलेले लोक तिथं पाय धूत, म्हणून पायधुणी. जुलैत माझेही धुतले गेले, बूट न काढता.

वांद्र्याकडं जायचं तर सेतू वर्ज्य, म्हणून माहीमचा कॉजवे. तो मात्र माझा लाडका. १८४५ साली पुरा झाला, खर्च एक लाख सत्तावन्न हजार रुपये, आणि पैसे दिले लेडी जमशेटजी जीजीभॉय या पारशी बाईंनी. सरकारनं टोल घ्यायचा नाही अशी त्यांची अट होती म्हणतात. तू कशावर बसून आलास, हे तो पावणेदोनशे वर्षांत कोणाला विचारत नाही. संध्याकाळी तिथं अडकून उभं राहिलं की डाव्या हाताला सागरी सेतूचे दिवे दिसतात. भाड्याच्या घरातून समोरच्या बंगल्यातलं लग्न बघावं तसे.

आता गाडीचं सांगतो. मिस्त्री बोलले ते खरं ठरलं. सिग्नलला उभी राहिली की तापायची, तापली की बंद पडायची, आणि बंद पडली की तो सगळा विधी. सायनच्या सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर मी अँपिअरच्या काट्याकडं ध्यान लावून बसलेलो आणि मागं शंभर हॉर्न. एक रिक्षावाला खाली उतरून आला आणि माझ्याबरोबर काटा बघू लागला. “इसमें क्या देखना है?” “बीच में आना चाहिए,” मी म्हटलं. सिग्नल लाल झाला. काटा मधे आला. दोघांनाही बरं वाटलं.

पावसाळ्यात गांधी मार्केटला पाणी भरतं हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला पण होतं. तरी मी गेलो, कारण बुलेट पंचगंगेच्या पुरातून गेलेली आहे, हा आमचा घराण्याचा अभिमान. सायलेन्सर पाण्याखाली गेला, एक मोठा ढेकर आला आणि दादा शांत झाले. ओळखदेख नसलेल्या तिघांनी धक्का मारून गाडी वर काढून दिली. पाणीसुद्धा न पिता ते दुसऱ्या गाडीकडं गेले.

तिच्या आडमुठेपणाचा एकदाच उपयोग झाला. फोर्टात मी चुकीच्या जागी उभी केली होती आणि टोइंगची गाडी आली. पोरांनी पाच स्कूटर पिशव्यांसारख्या वर फेकल्या. बुलेटला चौघांनी हात घातला. गाडी हलली नाही, एकाची कंबर हलली. मग त्यांनी तिच्याकडं जरा आदरानं बघितलं आणि शेजारची सहावी स्कूटर उचलली. मी समोर चहा पीत होतो. दुसरा मागवला.

सोसायटीत मात्र आदर नव्हता. तिथं मोटारींना आखलेल्या चौकटी, दुचाकींना ‘कडेला’. कडेला कुठं, हे सेक्रेटरीच्या मूडवर. वॉचमन चाचा रोज गाडी इकडून तिकडं ढकलत आणि रोज मला सांगत, “दादा, आपकी गाडी बहुत जिद्दी है.” दिवसा सीटवर एक मांजर झोपायची. कबुतरांबद्दल मी बोलणार नाही.

आणि ‘दादा’चा शेवट दादरला झाला. हवालदारसाहेबांनी हात केला, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, नंबर प्लेटपुढं उकिडवे बसले.

“हे दादा कोण?”

“मीच, साहेब.”

“कुठले?”

“कोल्हापूर.”

“वाटलंच. बरं दादा, लायसन काढा.”

दंड भरला आणि त्याच आठवड्यात स्वच्छ इंग्रजी आकड्यांची, कुठल्याही यंत्राला दुरून वाचता येईल अशी प्लेट लावली. तिच्याकडं बघून माझं मलाच ओळखू येईना. मी हळूहळू हार्बर लाइननं जाऊ लागलो. गाडी रविवारपुरती उरली.

मागच्या वर्षी आण्णा आले. सदरा, धोतर, टोपी. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीला हात लावून बघितला, मांजरीला उठवलं आणि कोणालाही न विचारता चेन ताणून घेतली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो. ते म्हणाले, “मी जरा फुले मंडई बघून येतो.” मला वाटलं, टॅक्सीनं.

संध्याकाळी घरी आलो तर ते खुशीत होते. पेरू आणले होते.

“गाडी काढली होती,” ते म्हणाले. “लोक उगाच मुंबईला नावं ठेवतात. रस्ता काय झकास आहे! भायखळ्यापुढं एक पूल लागला, सरळ वर घातली. एक माणूस आडवा आला नाही. थेट मंडईपाशी उतरलो.”

“आण्णा, त्या पुलावर टू-व्हीलर चालत नाही.”

“चालली की.”

“बंदी आहे.”

“असेल. मला कोणी बोललं नाही.” मग पेरू कापता कापता, खरोखरच काळजीनं, “तू का नाही जात तिकडनं? उगाच त्या दारूखान्यातनं जातोस.”

तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर चलन आलं. दोन दंड होते, एक पुलाचा, एक हेल्मेटचा. (“टोपी होती की डोक्यावर,” हे आण्णांचं म्हणणं.) खाली फोटोची लिंक होती. उघडली. रिकामा पूल, दोन्ही बाजूंना इमारतींचे तिसरे-चौथे मजले, खिडक्यांतले वाळत घातलेले कपडे, आणि मधोमध आमची बुलेट. आण्णांनी एका हातानं टोपी धरलेली, धोतराचा सोगा मागं उडालेला. नंबर अगदी स्पष्ट वाचता येत होता.

दंड भरला. फोटो आईला पाठवला. तिनं तो कोल्हापुरात फ्रेम करायला टाकला आहे. फ्रेमवाल्यानं विचारलं म्हणे, खालचं दंडाची रक्कम लिहिलेलं कापू का? आण्णा म्हणाले, राहू दे.