टॅप जेश्चर महोदयांस अनावृत पत्र

श्री. टॅप जेश्चर, मुक्काम सबंध स्क्रीन, यांचे सेवेशी कृ. सा. न. वि. वि.

महोदयांची नेमणूक अगदी किरकोळ कामासाठी झाली होती. आयफोनच्या ॲपमध्ये टायपिंग झाले तरी कीबोर्ड हटत नाही, म्हणून डेव्हलपरने त्यांना मूळ व्ह्यूवर आणून बसवले. रिकाम्या जागी बोट टेकले की कीबोर्ड मिटवायचा, बस्स. चार ओळींचा कोड, तोही बहुधा कुठूनतरी उचललेला.

पण वाड्याची राखण हाती येताच महोदय बोलावलेल्या पाहुण्यांनाही दारातूनच परत धाडू लागले. शोधपेटीत ‘कोल्हा’ लिहिले की खालच्या यादीत कोल्हापूर येते. त्यावर बोट टेकावे, तर कीबोर्ड मिटतो आणि कोल्हापूर जागच्या जागी. पुन्हा टेकावे, तेच. वैतागून दाबून धरले, तर ओळ निवडली जाते! कारण इतका वेळ टेकलेले बोट टॅपमध्ये मोडत नाही. महोदय माघार घेतात आणि स्पर्श यादीपर्यंत पोचतो. बिचारा टेस्टर बगमध्ये लिहितो, ‘कधी चालते, कधी नाही.’

यामागे ‘कॅन्सल्सटचेसइनव्ह्यू’ हा गुणधर्म आहे. तो मुळातच ‘ट्रू’ असतो, म्हणजे टॅप ओळखला गेला की खालच्या व्ह्यूचा स्पर्श रद्द.

बटणांचे बरे आहे. २०१२ च्या आयओएस ६ पासून ॲपलने बटण, स्विच, स्टेपर वगैरे मंडळींना अभय दिले; वरच्या व्ह्यूवरचा एका बोटाचा साधा टॅप त्यांच्या आड येत नाही. यादीतल्या ओळीला मात्र हे अभय नाही. साध्या व्ह्यूला रंग फासून केलेल्या तोतया बटणालाही नाही (आणि डिझायनरांना नेमके तेच आवडते).

महोदयांचे बंधू डबल टॅप यांचे प्रताप फ्लटर या ॲप-फ्रेमवर्कमध्ये पाहावेत. तिथे स्पर्शाचा निकाल चक्क आखाड्यात लागतो; ‘जेश्चर अरीना’ हे त्याचे अधिकृत नाव. बंधूंना अख्ख्या कार्डावर बसवले, की आतले बटण दाबल्यावरही ३०० मिलिसेकंद खोळंबते, दुसरा टॅप येतोय का हे बघायला.

इलाज आहेत. आयफोनवर ‘कॅन्सल्सटचेसइनव्ह्यू’ ‘फॉल्स’ केला की कीबोर्डही मिटतो आणि ओळही निवडली जाते. पण पॉपअपबाहेर टॅप करून तो बंद करायचा असेल, तर आतल्या टॅपनेही तो बंद होऊन चालत नाही. तिथे बोट नेमके कोणत्या व्ह्यूवर पडले हे डेलिगेटमध्ये तपासावे लागते. यादीपुरते बोलायचे, तर महोदयांची गरजच नाही. आयओएस ७ पासून स्क्रोल व्ह्यूला ‘कीबोर्डडिसमिसमोड’ आहे. तो लावला, तर यादी सरकवली की कीबोर्ड आपसूक जातो. सबब, पुढच्या रिलीजपासून महोदयांना या स्क्रीनवरून कार्यमुक्त करावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

यादीतली तिसरी ओळ