रेक्स जिवंत आहे का?

विज्ञानकथेवरच्या एखाद्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग आला की चर्चा ठरलेली असते. ग्राफिक्स किती सुधारले, नकाशा किती मोठा झाला, बंदुका किती वाढल्या. यातलं मला आधी काहीच जाणून घ्यायचं नसतं. मागच्या भागात मी जे केलं ते या भागाच्या लक्षात आहे का, एवढंच मला हवं असतं.

सिनेमाच्या दुसऱ्या भागावर ही जबाबदारी नसते. पहिल्या भागात प्रेक्षकाने काही केलेलंच नसतं, फक्त पाहिलेलं असतं. गेममध्ये आपण रात्री जागवून निर्णय घेतलेले असतात. कोणाला वाचवायचं, कोणाला मागे सोडायचं, कोणाशी खोटं बोलायचं, हे आपण ठरवलेलं असतं. त्यातून विज्ञानकथेचा पायाच मुळी असा, की एक गोष्ट बदलायची आणि तिचे परिणाम जातील तिथवर त्यांच्या मागे जायचं. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी हुकते आणि तेवढ्यावरून हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्याच वाटेने जातो. गेमच्या पहिल्या भागात ती गोळी आपण झाडलेली असते, किंवा हुकवलेली असते. मग दुसऱ्या भागाने तिचा हिशेब द्यायलाच हवा.

हा हिशेब द्यायचं ओझं बायोवेअर या स्टुडिओने आपणहून उचललं, म्हणून 'मास इफेक्ट'बद्दल मला सगळ्यात जास्त आदर आहे आणि सगळ्यात जास्त रागही आहे. पहिली गेम 2007 ची. आपल्या जहाजावर रेक्स नावाचा एक क्रोगन लढवय्या असतो. त्याच्या जमातीवर सालेरियन या दुसऱ्या जमातीच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला जीनोफेज नावाचा रोग सोडलेला आहे. हजार गर्भांमागे जेमतेम एक जगतो. वर्मायर ग्रहावरच्या तळात शत्रूने त्यावर उपाय शोधत आणलेला असतो आणि आपण नेमका तोच तळ उडवायला निघालेलो असतो. किनाऱ्यावर रेक्स बंदूक रोखून समोर उभा राहतो. आपल्यात माणूस वळवण्याची ताकद असेल, किंवा आधी कधीतरी वाट वाकडी करून त्याच्या घराण्याचं जुनं चिलखत त्याला मिळवून दिलेलं असेल, तर तो ऐकतो. नाहीतर तिथेच मरतो.

2010 मध्ये दुसरा भाग आला. पहिल्या भागाची सेव्ह फाइल त्यात घालता यायची. तुचांका या क्रोगनांच्या उजाड ग्रहावर उतरलं की रेक्स जिवंत असल्यास तो पडक्या दालनात आसनावर बसून टोळ्यांचे तंटे मिटवत असतो आणि आपल्याला पाहिल्यावर चालू असलेलं बोलणं टाकून उठून येतो. आपण त्याला मारलेलं असेल, तर त्याच आसनावर त्याचा भाऊ रीव्ह बसलेला असतो, आडदांड आणि सुडाने पेटलेला. 2012 च्या तिसऱ्या भागात जीनोफेजवरचा उपाय खरंच हाताशी येतो आणि तो तयार करणारा मॉर्डिन हा सालेरियन डॉक्टर कोसळू लागलेल्या मनोऱ्यात वर जायला निघतो. गादीवर रीव्ह असेल आणि क्रोगनांची शहाणी ईव्हही वाचलेली नसेल, तर मॉर्डिनला थांबवता येतं, तो जगतो. रेक्स असेल तर काहीही करा, मॉर्डिन परत येत नाही. पाच वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर झालेल्या बोलाचालीची किंमत इथे वसूल होते, तीही दुसऱ्याच माणसाकडून. गेम या माध्यमाला काय जमू शकतं हे मला कोणी विचारलं, तर मी हाच धागा दाखवतो.

प्लेस्टेशन 3 वर पहिला भाग तेव्हा आलेलाच नव्हता. बायोवेअरने त्या लोकांच्या तोंडाला पानं पुसली नाहीत. तिथे दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक छोटी चित्रकथा घातली आणि मागचे मोठे निर्णय खेळणाऱ्याकडून त्यात घेतले. पहिला भाग न खेळलेल्या माणसालाही भूतकाळ देण्याची ती तळमळ होती.

आणि मग शेवट. तीन गेम, शेकडो निर्णय आणि अखेरच्या दहा मिनिटांत एक पोरगं येऊन तीन पर्याय पुढे ठेवतं. लाल, निळा, हिरवा. रेक्स जगला की मेला, गेथ जमात वाचली की क्वेरियन जमात, याला तिथे काही अर्थ उरत नाही. मार्च 2012 मध्ये खेळणारे खवळले ते 'शेवट दुःखी आहे' म्हणून नव्हे. आपण केलेलं सगळं शेवटच्या क्षणी केरात गेलं म्हणून खवळले. त्यातल्या काहींनी मिळून बायोवेअरला सुमारे 400 कपकेक पाठवले, वर तीन रंगांचं आयसिंग आणि आत चव एकच. मला वाटतं, त्या शेवटाचं इतकं नेमकं परीक्षण कुठल्याही समीक्षकाने केलं नाही. त्याच खेळणाऱ्यांनी मुलांसाठीच्या 'चाइल्ड्स प्ले' या धर्मादाय संस्थेला 80,000 डॉलरच्या आसपास निधीही गोळा करून दिला. त्यांना नुसते हट्टी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जूनमध्ये बायोवेअरने वाढवलेला शेवट फुकट दिला. त्यात पुष्कळ खुलासे होते, पण तोवर लोकांचं मन उडालेलं होतं.

पण माझ्या मते त्याहून वाईट गोष्ट 2017 मध्ये घडली. 'मास इफेक्ट: अँड्रोमेडा'ने मागच्या तीन गेमच्या निर्णयांपासून पळ काढायला सरळ दुसरी आकाशगंगाच गाठली. जहाजं दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या दरम्यान निघतात, सहाशेहून अधिक वर्षं प्रवास करतात आणि अशा ठिकाणी पोचतात जिथे रेक्सचं नावही कोणाच्या कामाचं नाही. ही कथेची गरज नव्हती, ही सुटका होती. आणि या गेमला स्वतःच्या गोष्टीशीही इमान राखता आलं नाही. क्वेरियनांचं जहाज कुठे अडकलं, हा धागा शेवटी उघडा ठेवला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर केलं की एकट्याने खेळायच्या कथेत यापुढे भर पडणार नाही. त्या जहाजाची गोष्ट नंतर एका कादंबरीत सांगितली गेली. ज्याने गेम विकत घेतली त्याने तिचा शेवट पुस्तकाच्या दुकानात शोधायचा!

यावर गेम बनवणाऱ्यांची बाजू मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. प्रत्येक निर्णय लक्षात ठेवायचा म्हणजे प्रसंग दोनदा लिहायचा, दोनदा आवाज भरून घ्यायचा, दोनदा तपासायचा. त्यातला एक खेळणाऱ्याच्या वाट्याला कधी येतही नाही. दोन पर्यायांचे तीन निर्णय झाले की आठ वाटा होतात, दहा झाले की हजारावर. कुठलाही स्टुडिओ ते पुरं करू शकत नाही.

मान्य. पण लक्षात ठेवायला दरवेळी कोट्यवधी रुपये लागत नाहीत, धाडस लागतं. ते पाहायचं तर फिरॅक्सिसची 'एक्सकॉम 2' पाहा. 2012 च्या पहिल्या भागात परग्रहवासी पृथ्वीवर चालून येतात आणि आपण, सेनापती म्हणून, त्यांना परतवून लावतो. निदान शेवटपर्यंत पोचलेले तरी लावतात. 2016 चा दुसरा भाग सांगतो: नाही, तुम्ही हरलात. सुरुवातीलाच हरलात. वीस वर्षं झाली, पृथ्वीवर त्यांचं राज्य आहे आणि तुमचा मेंदू त्यांच्या यंत्राला जोडून ते तुमचंच युद्धकौशल्य वापरत आलेत.

हा निर्णय ऐकून चिडायला हवं होतं, पण कोणी फारसं चिडलं नाही. ती गेम ज्यांनी खेळली आहे त्यांना ठाऊक आहे की आपण त्यात किती वेळा हरलो. एकेक देश हातचा जात होता, नाव ठेवून वाढवलेले सैनिक एका चुकलेल्या चालीत मरत होते. गेमने आपला कागदावरचा विजय बाजूला ठेवला आणि खरा अनुभव लक्षात ठेवला. त्या एका निर्णयातून बाकी सगळं निघालं. आता आपण सरकारी फौज नाही, बंडखोर आहोत. म्हणून मोहिमेची सुरुवात लपून होते, पहिली गोळी कधी झाडायची हे आपण ठरवतो. तळ जमिनीखाली नाही; शत्रूचंच पळवलेलं मालवाहू जहाज आपला तळ, कारण पळत राहायचं आहे. पहिल्या भागात काळा चष्मा आणि सूट घालून माणसांत मिसळणारा 'थिन मॅन' होता. दुसऱ्या भागात तो सापाच्या मूळ रूपात येतो. राज्य त्यांचंच झालं आहे, आता सोंग कशाला? सेक्टॉइड पूर्वी पोरासारखे ठेंगणे होते, आता त्यांच्यात माणसाचा डीएनए मिसळलाय आणि ते आपल्याएवढे उंच झालेत. हे पाहिल्यावर अंगावर काटा येतो. ग्राफिक्स सुधारले म्हणून येत नाही, वीस वर्षांत काय काय झालं असेल ते एका नजरेत कळतं म्हणून येतो. नव्या शत्रूची यादी वाढवणं कोणालाही जमतं. जुन्या शत्रूला इतिहास देणं अवघड आहे.

याच्या उलट टोकाला दोन नावं चटकन सांगून टाकतो. 2003 ची 'डेअस एक्स: इन्व्हिजिबल वॉर'. पहिल्या गेमचे तीन वेगळे शेवट होते. दुसरीने तिन्ही थोडे थोडे घडले असं मानून बोळवण केली आणि सगळ्या बंदुकांना एकच दारूगोळा दिला. दहा वर्षांनी 'डेड स्पेस 3'नेही एकच दारूगोळा दिला आणि वर खऱ्या पैशांत सामान विकत घ्यायची सोय केली. पहिल्या 'डेड स्पेस'मधली भीती या हत्याराला तीन गोळ्या आणि त्याला एकही नाही, या टंचाईतून यायची. पाकीट उघडून टंचाई मिटत असेल तर भीती कशाची? त्यानंतर ती बनवणाऱ्या स्टुडिओने या मालिकेत दुसरी गेम केली नाही. 2017 मध्ये स्टुडिओच बंद झाला.

आता 'हाफ-लाइफ'. आपल्याकडे सायबर कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक' खेळत वाढलेली एक अख्खी पिढी आहे, आणि 'काउंटर-स्ट्राइक' उभी राहिली ती 'हाफ-लाइफ'वर, म्हणून हे घरचं दुखणं आहे. 2007 चा 'एपिसोड टू' एलाय व्हान्सच्या मृत्यूवर संपतो. मुलगी अ‍ॅलिक्स बापाच्या देहाला बिलगून रडते आणि पडदा काळा होतो. पुढचा एपिसोड आलाच नाही. 2017 मध्ये लेखक मार्क लेडलॉ यांनी 'हाफ-लाइफ' बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी सोडल्यावर पात्रांची नावं बदलून पुढची गोष्ट एका पत्राच्या रूपात प्रसिद्ध केली. 2024 मध्ये 'हाफ-लाइफ 2'ला वीस वर्षं झाली, तेव्हा व्हॉल्व्हने काढलेल्या माहितीपटात अर्धवट राहिलेल्या 'एपिसोड थ्री'ची बर्फ फेकणारी बंदूक दाखवली. त्यात व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांच्या बोलण्याचा रोख असा होता की, या एपिसोडमधून काही नवं पुढे नेता येईल असं दिसत नव्हतं.

इथेच त्यांचं चुकलं असं मी ठामपणे म्हणतो. नवी बंदूक कोणी मागितली होती? लोक विचारत होते की अ‍ॅलिक्सचं पुढे काय झालं. तंत्रज्ञानात क्रांती करायचं वचन आपल्याला कोणी दिलं नव्हतं, गोष्ट पुरी करायचं दिलं होतं. 2020 मध्ये 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' आली, अप्रतिम आली, आणि तिने तो 2007 चा मृत्यू उलटवूनही दाखवला. पण ती फक्त व्हीआर हेडसेटवर. तेरा वर्षं थांबलेल्या बहुतेकांनी आपल्या गोष्टीचं पुढचं पान दुसऱ्याला खेळताना यूट्यूबवर पाहिलं.

काही गेमना पुढचा भाग नकोच. 2019 ची 'आउटर वाइल्ड्स' घ्या. दर 22 मिनिटांनी सूर्य फुटतो, काळ मागे जातो आणि आपल्याजवळ फक्त कळलेलं उरतं. एकदा सगळं कळलं की ती गेम तुम्हाला पुन्हा पहिल्यासारखी खेळता येत नाही. तिच्या निर्मात्यांनी 2021 मध्ये त्याच सूर्यमालेत आणखी एक दडलेली जागा उघडून दिली आणि तिथे थांबले. बरोबर केलं.

नव्या 'मास इफेक्ट'चं काम सुरू असल्याचं बायोवेअरने 2020 मध्येच जाहीर केलं आहे. ती येईल तेव्हा आगाऊ पैसे भरू नका. शेवटपर्यंत खेळलेला कोणी भेटेपर्यंत थांबा. आणि आणखी एक विनंती, ही जास्त महत्त्वाची. हातात असलेली गेम पुरी करा. किती जण कुठवर पोचले याचे टक्के स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात कोणालाही दिसतात, बनवणाऱ्यांना तर दिसतातच. शेवटच्या प्रकरणापर्यंत थोडेच लोक येतात असं दिसलं, की पैसे आणि मेहनत पहिल्या दोन तासांवर ओतली जाते आणि शेवटावर काटकसर होते. तुमच्याकडे अर्ध्यात सोडलेल्या चार गेम असतील. त्यातली एक या शनिवारी उघडा आणि शेवटापर्यंत न्या.