साडेनऊ किलो सुतळी

मामांचं दुकान चंद्रपूरच्या गोल बाजारात. सुतळी, दोरखंड, ताडपत्री, पोती. मे महिन्यात पारा 46 च्या घरात गेला की शहाणी माणसं दुपारी उंबरा ओलांडत नाहीत. मामांचा धंदा नेमका तेव्हाच तापतो, कारण गडचिरोलीकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. 70 पानांचे पुडे फळीवर वाळतात, पोत्यांत जातात आणि पोत्यांची तोंडं शिवायला सुतळी लागते.

यंदा मामांनी बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ‘पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवरच बसते’ एवढ्या पात्रतेवर मला दरांचे टप्पे भरायला बसवलं.

“नऊ किलोपर्यंत शंभर,” मामा डोळे मिटून सांगू लागले. “दहापासून नव्वद. अन् सोयऱ्याले पंच्याऐंशी.”

“मामा, यात नातं टाकायला जागा नाही. फक्त किलो.”

“मंग कायचं सॉफ्टवेअर हे?”

मी 1 ते 9 आणि 10 च्या पुढे, असे दोन टप्पे भरले. पहिल्याच गिऱ्हाइकानं, चामोर्शीकडच्या एका काकांनी, साडेनऊ किलो मागितली. साडेनऊ कुठल्याच टप्प्यात बसेना. यंत्रानं निर्विकारपणे शून्य रुपयांचं बिल काढलं. काका बिल वाचून ताबडतोब बंडल खांद्यावर घेऊ लागले.

त्यांना थांबवून मी ‘9 पर्यंत’ खोडून ‘10 पेक्षा कमी’ केलं. 950 रुपये झाले. काकांनी मोजून दिले आणि सहज विचारलं, “अन् दहा घेतली असती तर?”

“900,” मी म्हणालो. यंत्रासमोर बसलं की माणूस खरं बोलतो.

“मंग अर्धा किलो अजून टाका, अन् मले पन्नास वापस द्या जी.”

काका गेल्यावर मी मामांना विजेच्या बिलाचं उदाहरण दिलं. 2920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला दुसरं कोणतं द्यायचं? 1 ते 100 युनिटचा दर एक, 101 ते 300 चा दुसरा. पण 101 वं युनिट महाग लागलं म्हणून आधीची शंभर महागत नाहीत. तसंच करू. पहिल्या दहा किलोंना शंभरच, वरच्या वजनाला नव्वद.

संध्याकाळी मूलचं जुनं गिऱ्हाईक आलं. 20 किलोचे 1900 झाले. गेल्या साली 1800 दिले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं.

“विजेच्या बिलावर कोणी खूश असते का बे?” तो गेल्यावर मामा म्हणाले. “तू तेच माझ्या दुकानात आणून राहिला.”

रात्री मी जुना तक्ता परत भरला. निघताना घरच्या वाळवणाच्या मांडवासाठी दोन किलो सुतळी घेतली. मामांनी स्वतः, एका बोटानं, बिल काढलं. दोनशे.

“मामा, मी भाचा आहे ना?”

“नातं टाकाले जागा नाही त्याच्यात,” मामा म्हणाले. “सुट्टे दे.”